सामाईक भिंत, पनाळ आणि विहीर : वाटणीपत्रात चतुःसीमा कशी लिहावी?

धरणगावची लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण तुकड्यातुकड्यांनी विचारला तर सल्लाही तसाच मिळेल, म्हणून सगळं एकदाच मांडते.

आमचं गाव धरणगाव तालुक्यातलं. वडील गेले. आता एका बाजूला मोठे काका, म्हणजे जिभाऊ, आणि दुसऱ्या बाजूला मी, आई नि धाकटा भाऊ अशी वाटणी ठरली आहे. भांडण नाही. जिभाऊ तर म्हणतात, "कागद कसाले पाहिजे? आपलं आपलं ठाऊक शे." पण त्यांची मुलं सुरतला, आम्ही नाशिकला. ज्यांना ठाऊक आहे ती माणसं सगळी सत्तरीच्या पुढची आहेत.

घर गावठाणात आहे. धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, मातीच्या भिंतींचं, सहा खणांचं, तोंड उत्तरेला. पूर्वेचे तीन खण आमच्याकडे येणार, पश्चिमेचे तीन जिभाऊंकडे. १९५४ चा आजोबांचा खरेदीचा कागद आहे. त्यात तालुके एरंडोल, जिल्हे पूर्व खानदेश असं लिहिलंय आणि चतुःसीमा एवढीच : पूर्वेस पाटलाचे घर, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस बखळ, उत्तरेस रस्ता. मापं हातांत, ३२ हात आणि २० हात. ते पाटील कधीच वारले, त्यांच्या घराचे पुढे दोन व्यवहार झाले. बखळीवर, म्हणजे त्या मोकळ्या जागेवर, आता स्लॅबचं घर उभं आहे, आमच्या मागच्या भिंतीपासून दोनेक फूट सोडून. त्या फटीत आमच्या धाब्याची पनाळ, म्हणजे छतावरचं पाणी बाहेर सोडणारी नळी, पडते आणि ते नवीन मालक दर पावसाळ्यात कुरकुरतात. पूर्वेची भिंत आमची की शेजारच्यांची, यावर आमच्याच घरात दोन मतं आहेत.

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर १,४४० चौरस फूट आहे. आम्ही आतून टेप लावली तर जेमतेम अकराशे भरतं. बाकीची जागा गेली कुठे?

शिवाय शेत आहे, एकच गट, ८१ आर. दक्षिणेला शिवरस्ता, उत्तरेला नाला. उत्तरेचा अर्धा आम्हाला, दक्षिणेचा जिभाऊंना. विहीर मात्र दक्षिणेच्या अर्ध्यात आहे, आणि आम्हाला आमच्या तुकड्यात जायला त्यांच्या रानातूनच जावं लागणार.

ज्यांच्याकडे लिहायला दिलंय त्यांनी मसुद्यात जुन्या कागदातली चतुःसीमा जशीच्या तशी उतरवली आहे. "मागून चालत आलंय तेच लिहायचं असतं," म्हणाले. मला ते पटत नाही, पण मग नेमकं काय लिहायचं तेही कळत नाही.

कचेरीसमोरचा

ताई, माझं आयुष्य दस्त लिहिण्यात गेलं. आता कचेरीसमोरचं खोकं मुलाकडे आहे, तो संगणकावर लिहितो, आणि मी घरी बसून अशा ठिकाणी तोंड घालतो.

मागून चालत आलेलं उतरवायचं, हे खरेदीखतात एक वेळ खपतं. वाटणीपत्रात ते मुळातच चुकतं. जुन्या कागदातली चतुःसीमा सहा खणांची आहे. तुम्हाला तीन खण मिळणार. म्हणजे तुमच्या पश्चिमेला बोळ राहिलाच नाही, तिथे आता जिभाऊ आले. आणि जिभाऊंच्या पूर्वेला पाटलांचं घर नाही, तुम्ही आहात. मसुद्यात दोघांना तीच चतुःसीमा दिली असेल तर कागदावर दोघांनाही अख्खं घर मिळालं. असे दस्त मी पाहिलेत. नातवंडं कोर्टात जातात.

आता मुद्द्याचं. बाजूला कोण राहतो हे सगळेच लिहितात. त्याच्या आणि तुमच्या मधे काय आहे आणि ते कुणाच्या मालकीचं, हे लिहायला माणसं कंटाळतात, आणि तंटा होतो तो नेमका त्या मधल्या वस्तूवरून. भिंत, बांध, पनाळीखालची फट, नाला. म्हणून प्रत्येक बाजूला तीन गोष्टी यायला हव्यात. शेजारच्या मिळकतीचा नंबर, तिथे पूर्वी कोण होतं नि हल्ली कुणाची वहिवाट आहे, आणि मधली वस्तू. नाव काढून टाकू नका. "पूर्वी अमक्या पाटलांचे, हल्ली तमक्यांचे वहिवाटीतील घर" असं लिहिलं की १९५४ चा कागद आणि आजचा कागद एकमेकांना ओळखतात. नुसतं आजचं नाव लिहिलं तर जुना कागद अनाथ होतो. तालुक्याचंही तसंच. तुकडी जिल्हा जळगाव, पोटतुकडी तालुका धरणगाव, पूर्वीचा तालुका एरंडोल, असं स्पष्ट येऊ द्या. ग्रामपंचायतीचा मिळकत नंबरही फेरआकारणीत बदललेला असू शकतो, तेव्हा जुना नि नवा दोन्ही.

क्षेत्राचं कोडं सोपं आहे. हात म्हणजे दीड फूट. ३२ हात म्हणजे ४८ फूट, २० हात म्हणजे ३० फूट. ४८ गुणिले ३० म्हणजे १,४४०. ग्रामपंचायतीने तेच उचलून लिहिलंय, कुणी मोजायला आलेलं नाही. तुमची टेप आतून लागली. धाब्याच्या घराच्या भिंती अडीच अडीच फूट जाड असतात, मधलीही दोन फुटांची असेल. त्या भिंतींनी खाल्लेली जागा सव्वातीनशे-साडेतीनशे चौरस फूट सहज होते. जागा कुठे गेली नाही, भिंतीत आहे. म्हणूनच माप लिहिताना ते कुठून कुठे घेतलं हे लिहिलंच पाहिजे. आतून आत, बाहेरून बाहेर, की भिंतीच्या मध्यापासून. पूर्वेची एकच भिंत घ्या, ३० फूट लांब, अडीच फूट जाड, ७५ चौरस फूट जागा तिच्याखाली आहे. ती तुमची, त्यांची की निम्मी निम्मी, यावर एका मोरीएवढी जागा इकडची तिकडे होते.

भिंत कुणाची हे भिंतच सांगते. भावाला धाब्यावर चढवू नका, आतूनच बघायला सांगा. तुमच्या सरांची, म्हणजे छताच्या लाकडी तुळयांची, टोकं त्या भिंतीत बसली आहेत का? शेजारच्यांच्या सरांची पण त्याच भिंतीत आहेत का? दोघांची असतील तर सामाईक धरायला जागा आहे. फक्त तुमचीच टेकलेली असतील आणि त्यांनी आपल्या बाजूने खांब उभे करून त्यावर सर ठेवले असतील, तर भिंत बांधली तेव्हा ती तुमची होती असं दिसतं. देवळ्या, कोनाडे, खुंट्या कुठल्या अंगाला आहेत तेही बघा. हा पुरावा पक्का नव्हे, पण बोलणं कुठून सुरू करायचं ते कळतं.

आणि दिशा नीट घ्या. गावात पूर्व म्हणजे सूर्य उगवतो ती बाजू. पण आपल्याकडे पौषात सूर्य खऱ्या पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेकडे उगवतो आणि ज्येष्ठात तेवढाच उत्तरेकडे. गल्ली तिरपी असली की एकाच घराच्या दोन कागदांत पूर्वेची बाजू वेगळी निघते. मोबाइलमधलं होकायंत्र वापरा, आणि घर कुठल्या रस्त्याला तोंड करून आहे तेही लिहा. रस्ता सहसा हलत नाही.

पांझराकाठ

कचेरीसमोरच्या आबांचं मधल्या वस्तूचं बोलणं आमच्या साक्रीकडे सगळ्यांना पाठ आहे. फडात, म्हणजे बंधाऱ्याच्या पाटावर मिळून भिजणाऱ्या पट्ट्यात, ज्यांचं रान आहे त्यांच्या चतुःसीमेत एका बाजूला हमखास पाट येतो. पण पाटाचा अलीकडचा काठ की पलीकडचा? पाट साफ करताना गाळ टाकायचा कुणाच्या बाजूला? आमच्या आजोबांच्या कागदात "पाटाचे अलीकडील काठापर्यंत" असे तीन शब्द आहेत. त्या तीन शब्दांनी दोन पिढ्यांचं डोकं शांत ठेवलं. ताईंच्या शेताला उत्तरेला नाला आहे, तिथेही हेच बघा. नाला दर मोठ्या पुरात थोडा सरकतो, त्यामुळे त्याचा काठ एकट्याने हद्द म्हणून धरू नये.

वकील, धुळे

आबांच्या बहुतेक बोलण्याशी सहमत. कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो.

मिळकतीचं वर्णन ओळख पटण्याइतकं हवं, हे नोंदणी कायदा १९०८, कलम २१ मध्ये आहे. शहरातलं घर असेल तर ते कुठल्या रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे, हल्ली कुणाच्या ताब्यात आहे, पूर्वी कुणाच्या होतं, आणि नंबर असल्यास नंबर. बाकी घरं आणि जमिनींसाठी नाव, क्षेत्र, लगतचे रस्ते आणि मिळकती, आणि शक्य तिथे सरकारी नकाशाचा आधार. आबा जे "पूर्वी" नि "हल्ली" लिहायला सांगतात ते नुसती जुनी पद्धत म्हणून नाही.

क्षेत्र आणि चतुःसीमा जुळत नसतील तर सर्वसाधारणपणे कोर्ट चतुःसीमेला वजन देतं, अर्थात ती स्पष्ट असेल तर. पूर्वेला नुसतं "पाटलाचे घर" लिहिलं असेल आणि त्या गल्लीत पाटलांची चार घरं असतील, तर वजन कशाला देणार?

एका बाबतीत मात्र सावध करतो. तुम्ही आणि जिभाऊंनी मिळून "पूर्वेची भिंत सामाईक" असं वाटणीपत्रात लिहिलं, तरी शेजारी त्या दस्तात पक्षकार नाही. त्याच्यावर ते बंधनकारक होत नाही. तुम्ही दोघं मिळून "भिंत आमचीच" असं लिहिलंत तरी ती तुमची होत नाही. वर्णनाने नवा हक्क जन्माला येत नाही.

कचेरीसमोरचा

वकीलसाहेब, बरोबर. आम्ही पूर्वी लगतच्या माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यायचो.

वकील, धुळे

त्या सहीचा अर्थ एवढाच की समोरच्याने सही केली ती याने पाहिली. दस्तात काय लिहिलंय ते याला माहीत होतं आणि मान्य होतं, असा अर्थ त्यातून आपोआप निघत नाही. "मला तर कोऱ्या ठिकाणी सही करायला लावली" हे वाक्य मी उलटतपासणीत इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. शेजारी तयार असेल तर भिंतीपुरता वेगळा समजुतीचा लेख करा. भिंत सामाईक, मालकी निम्मी निम्मी, दुरुस्तीचा खर्च निम्मा, एकमेकांच्या लेखी संमतीशिवाय कुणी ती पाडायची नाही आणि तिच्यावर मजला चढवायचा नाही. त्यात मालकी लिहिली जाणार असल्याने मुद्रांक आणि नोंदणीचं दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात विचारून घ्या, साध्या कागदावर उरकू नका. आणि शेजारी तयार नसेल तर निदान त्याच्या खरेदीखतात काय लिहिलंय ते काढा.

पनाळीचं : सुविधाधिकार कायदा १८८२, कलम १५. वीस वर्षं उघडपणे, अखंड, कुणाची परवानगी न मागता, हक्क म्हणून पाणी तिथे पडत असेल तर तो हक्क मागता येतो. तुमची पनाळ १९५४ पासून तिथेच असेल तर प्रश्न हक्काचा कमी, पुराव्याचा जास्त आहे. ते वाटणीपत्राच्या वर्णनात आलं की तुमच्या बाजूने एक जुना कागद तयार व्हायला लागतो.

शंकू साखळी

घराचं झालं. मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त, जमिनीपुरतं बोलतो.

८१ आर म्हणजे दोन एकर, ८० गुंठे. निम्मे केले की प्रत्येकी साडेचाळीस आर. पण थांबा. उत्तरेला नाला आहे, म्हणजे सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जागा, दाखवला असेल तर तो बहुधा तिकडेच असणार आणि सगळा तुमच्या हिश्श्यात येणार. वाटणी एकूण क्षेत्राची समान करायची की लागवडीलायक क्षेत्राची, हे आधी जिभाऊंशी बोला. वरून दोन्ही साडेचाळीस दिसतात, नांगर लागतो तो वेगळा.

रस्त्याचं गणित करून दाखवतो. समजा गट पूर्व-पश्चिम २४० फूट आणि दक्षिणोत्तर ३६३ फूट आहे, बरोबर दोन एकर होतात. जिभाऊंचा निम्मा हिस्सा दक्षिणोत्तर १८१.५ फूट. त्यांच्या पूर्व बांधाच्या आतून तुम्हाला १२ फुटी रस्ता दिला, ट्रॅक्टर-ट्रॉलीला तेवढा लागतोच, तर २,१७८ चौरस फूट जातात. गुंठा १,०८९ चा. म्हणजे जिभाऊंचे पुरे दोन गुंठे रस्त्यात. हे आज तोंडी "जा की, कोण अडवतंय" म्हणून सुटतं. दोन गुंठ्यांची किंमत कळली की पुढची पिढी रस्ता सहा फुटांवर आणते. तेव्हा रुंदी फुटांत, कुठल्या बांधाच्या कडेने, कुठून कुठपर्यंत, हे तिन्ही लिहा. रस्त्याखालची जमीन जिभाऊंच्याच मालकीची राहून तुम्हाला फक्त वहिवाटीचा हक्क, की ती पट्टी दोघांची सामाईक, हेही ठरवा. सामाईक धरणार असाल तर मधली हद्दीची रेघ थोडी उत्तरेला सरकवून दोघांनी एकेक गुंठा सोसावा. मला विचाराल तर सामाईक बरी.

नंबरांची सांगड : १९५४ च्या काळातल्या कागदांत सर्वे नंबर असेल, आज गट नंबर आहे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव योजना झाल्या तेव्हा हे गट पडले. जुना सर्वे नंबर कुठल्या गटात गेला ते एकत्रीकरणाच्या नऊ-तीन, नऊ-चारच्या उताऱ्यात सापडतं. तो काढून ठेवा आणि वर्णनात "गट नंबर अमुक, जुना सर्वे नंबर तमुक" असं लिहा.

शेतजमिनीचं वाटप सगळे सहधारक राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे करता येतं. घराचा दस्त वेगळा. दोन्हीची सरमिसळ करू नका. वाटपानंतर पोटहिस्सा मोजणी करून घ्या आणि खुणा रोवा. मोजणीच्या वेळी लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात. म्हणजे ज्याला हरकत घ्यायची तो तेव्हाच बोलतो.

पांझराकाठ म्हणतात ते नाल्याचं बरोबर आहे. उत्तरेस "नाला" लिहा, पण हद्द गटाच्या नकाशातली आहे हेही जोडा.

एक राहिलं. गावठाणात ड्रोनची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका निघाली आहे का ते बघा. स्वामित्व योजना २०२० मध्ये काही राज्यांत सुरू झाली, २०२१ मध्ये देशभर लागू केली. त्यात ड्रोन उडण्याआधी जमिनीवर चुन्याच्या रेघा आखतात. पण लागून लागून असलेली धाबी वरून एकच चौकोन दिसतात, भिंतीचा मध्य वरून दिसत नाही. चुना टाकताना घरचं माणूस हजर नसेल तर रेघ शेजाऱ्याने दाखवली तिथे पडते. नकाशावरची रेघ आणि तुमची भिंत ताडून बघा, पत्रिका आली म्हणून निर्धास्त होऊ नका.

केळीवाला, रावेर

सगळ्यांनी जमिनीवरचं सांगितलं. खालचं कोण सांगणार? विहीर जिभाऊंच्या हिश्श्यात, पाणी ताईंच्या हिश्श्यात न्यायचं, म्हणजे पाइपलाइन जिभाऊंच्या रानाखालून. कुठल्या कडेने, किती खोल, फुटली तर खोदायला कधीही जाता येईल का, पीक उभं असेल तर नुकसान कोण भरणार, हे लिहा. आमच्याकडे एकाने बांध सपाट करायला जेसीबी लावलं आणि शेजाऱ्याची पाइपलाइन उसाच्या पेरासारखी तोडून ठेवली. मृग बागेला पाणी नाही आणि दोघं पोलीस पाटलाकडे.

विहिरीचं पण नुसतं "विहिरीत निम्मा हक्क" नका लिहू. पाण्याची पाळी, मोटार कुणाची, कनेक्शन कुणाच्या नावाचं, बिल कोण भरणार, गाळ काढायचा खर्च. विहिरीपर्यंत पायी जायला वाट. आणि शेतीची लाइट बरेचदा रात्रीची असते हे ध्यानात ठेवून पाळी लिहा. "सकाळ तुझी, संध्याकाळ माझी" असं लिहिलेल्यांचे हाल बघितलेत.

बांधावर झाडं असतील तर ती पण लिहा. आंब्याच्या फळावरून होत नाहीत एवढी भांडणं निंबाच्या सावलीवरून होतात. सावलीत कपाशी बसते ना.

धरणगावची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. भाऊ गावी जाऊन आला. सांगते काय निघालं.

पूर्वेच्या भिंतीत दोन्हीकडच्या सरांची टोकं आहेत. आमच्या अंगाला दोन देवळ्या, त्यांच्या अंगाला एक मोठी, आणि त्या एकमेकींना धरून नाहीत. शेजारच्यांनी स्वतःहून आपलं खरेदीखत दाखवलं, त्यांच्या आधीच्या मालकाचं, १९६८ चं. त्यात "पश्चिमेस सामाईक भिंत व त्यापलीकडे" पुढे आमच्या आजोबांचं नाव. आमच्या कागदात भिंतीचा उल्लेखच नाही, त्यांच्यात आहे! तिकडे पश्चिम, इकडे पूर्व. ते वेगळा लेख करायला तयार आहेत, त्यांनाही स्लॅब टाकायचा विचार आहे म्हणून उलट त्यांनाच घाई दिसली.

रस्त्याचा हिशोब जिभाऊंना वाचून दाखवला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "सामाईक धरा, एक गुंठा मना, एक तुना." विहिरीचा विषय त्यांनीच काढला. पाळी दिवसाआड, लाइट ज्या वेळची असेल त्या वेळी.

आबा, आता घराचं वर्णन तुम्ही तुमच्या पद्धतीने लिहून दाखवाल का? नंबर आणि नावं मी भरेन.

कचेरीसमोरचा

लिहितो. तुमच्या हिश्श्यापुरतं. जिभाऊंचं याच्या उलट करून घ्या.

"तुकडी जिल्हा जळगाव, पोटतुकडी तालुका धरणगाव, पूर्वीचा तालुका एरंडोल, पैकी मौजे ___ येथील गावठाणातील ग्रामपंचायत मिळकत क्र. ___, जुना क्र. ___, यापैकी पूर्वेकडील तीन खण, मातीच्या भिंतींचे धाब्याचे घर, उत्तराभिमुख. पूर्व-पश्चिम २४ फूट, दक्षिणोत्तर ३० फूट, एकूण ७२० चौरस फूट. पूर्व-पश्चिम माप हे पूर्वेकडील सामाईक भिंतीच्या मध्यापासून पश्चिमेकडील सामाईक भिंतीच्या मध्यापर्यंत, व दक्षिणोत्तर माप दोन्ही भिंतींच्या बाहेरील अंगापासून घेतले आहे. यांसी चतुःसीमा :

पूर्वेस : सामाईक भिंत व त्यापलीकडे मिळकत क्र. ___, पूर्वी ___ पाटील यांचे, हल्ली ___ यांचे वहिवाटीतील घर.

पश्चिमेस : सामाईक भिंत व त्यापलीकडे याच मिळकतीपैकी लिहून देणार नंबर ___ यांचे हिश्श्यास आलेले तीन खण.

दक्षिणेस : या घराची स्वतंत्र भिंत, तिला लागून सुमारे दोन फूट रुंदीची मोकळी जागा ज्यात या घराच्या धाब्याचे पाणी पनाळीवाटे पूर्वापार पडत आले आहे, व त्यापलीकडे मिळकत क्र. ___, पूर्वीची बखळ, हल्ली ___ यांचे पक्के घर.

उत्तरेस : या घराचा ओटा व त्यापुढे पूर्व-पश्चिम जाणारा गावरस्ता.

येणेप्रमाणे चतुःसीमेतील घर, जाण्यायेण्याच्या, हवा-उजेडाच्या व पाणी जाण्याच्या वहिवाटीसह."

यात २४ आणि ३० मी जुन्या हातांवरून धरलेत. भिंतीची जाडी दारात मोजा, निम्मी करून आतल्या मापात मिळवा, आणि येईल तो आकडा लिहा. पावणेचोवीस आले तर पावणेचोवीस. शेवटी "कमीजास्त" हा शब्द टाकायला सांगतील, टाकू देऊ नका, किंवा टाकायचाच तर मापांच्या शेजारी टाका, चतुःसीमेच्या नाही.

ओटा मुद्दाम लिहिलाय. तो घराच्या मापात धरलेला नाही, कारण तो गावठाणातल्या रस्त्यावर आहे की तुमच्या जागेत, हे मला इथून सांगता येणार नाही. ग्रामपंचायतीच्या रस्त्याची रुंदी बघून मग ठरवा. रस्त्यावरचा ओटा आपल्या मापात घातला तर बाकी बरोबर असलेल्या वर्णनावरही संशय येतो.

वकील, धुळे

मसुदा चांगला आहे. दोन सुधारणा. दक्षिणेची दोन फुटांची जागा कुणाची, हे आबांनी मोघम ठेवलंय. ती बखळीच्या मालकाची असेल तर तुमचा तिथे फक्त पाणी पाडायचा हक्क आहे, आणि ती तुमची असेल तर दक्षिणोत्तर माप ३० नाही, ३२ होईल. १९५४ च्या कागदात २० हात म्हणजे ३० फूट आहेत आणि तुमची भिंतीबाहेरून भिंतीबाहेर मोजणीही ३० च भरली, तर ती जागा तुमची म्हणता येणं अवघड आहे. मग "लगतच्या मिळकतीतील मोकळी जागा" असं सरळ लिहा. हक्क पाण्यापुरता मागा, तो टिकेल. जागाही मागायला गेलात तर दोन्ही अडचणीत येतील.

दुसरं, पश्चिमेची मधली भिंत तुम्ही दोघांनी सामाईक ठरवली ते ठीक, कारण दोघंही याच दस्तात आहात. तिथे दुरुस्ती, मजला आणि पाडकामाच्या अटी याच वाटणीपत्रात घाला, त्यासाठी वेगळा लेख नको.

कचेरीसमोरचा

मान्य. ताई, दक्षिणेच्या ओळीत "तिला लागून लगतच्या मिळकतीतील सुमारे दोन फूट" असं करा. सोबत चारही बाजूंचे फोटो आणि हाताने काढलेला का होईना नकाशा दस्ताला जोडा, त्यावर सगळ्यांच्या सह्या. पनाळीचा फोटो पाणी पडत असताना काढायला भावाला सांगा, आता पाऊस आहेच.